मध्येच उठून जाण्याची मुभा

तिकीट काढून गेलेल्या कार्यक्रमातून मी कधी मध्येच उठून आले असेन, असं मला आठवत नाही. गायकाचा आवाज आज लागत नाहीये हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं, पाठ आखडली, शेजारचे गृहस्थ घोरायला लागले, तरी बसून राहिले. एक तर पैसे वसूल व्हायला हवेत. आणि दुसरं म्हणजे अंधारात रांगेतल्या दहाबारा गुडघ्यांना धक्के देत, ‘सॉरी, सॉरी’ पुटपुटत बाहेर पडायची लाज. मोकळ्या मैदानावरच्या, मोफत प्रवेशाच्या कलामहोत्सवात मात्र मी एकाच संध्याकाळी तीन-चार कार्यक्रम अर्धवट सोडते आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण हसत हसत म्हणतो खरं, पण आतून आपल्याला फुकटच्या गोष्टीची जरा शंकाच असते. चांगलं असतं तर फुकट कशाला दिलं असतं, असा तो हिशेब. माझ्या ओळखीतले काही दर्दी रसिक अशा महोत्सवांकडे फिरकतसुद्धा नाहीत. तिथे लोक ऐकायला येत नाहीत, फिरायला येतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. लोक फिरायलाच येतात. मुलांना मोकळं सोडायला येतात, घरात जीव गुदमरला म्हणून येतात, जायचं असतं भलतीकडे आणि ढोलकी ऐकू आली म्हणून इकडे वळतात. माझं म्हणणं एवढंच, की अशा माणसाला थांबवून दाखवणं हे तिकीट काढून आलेल्याला बसवून ठेवण्यापेक्षा फार अवघड काम आहे, आणि ते होताना बघायचं तर इथेच यावं लागतं.

म्हणून मैदानात शिरले की मी आधी रंगमंचाकडे बघत नाही, मागच्या कडेकडे बघते. पुढे सतरंज्यांवर मांडी ठोकून बसलेल्यांचं ठरलेलं असतं. ते शेवटपर्यंत हलणार नाहीत, त्यातले निम्मे तर कलाकारांचे नातेवाईकच असतात. मागे उभे असतात ते ‘बघू तरी काय चाललंय’वाले. एका पायावर भार, अंग अर्धं बाहेरच्या वाटेकडे वळलेलं, खांद्याला पिशवी, एका हातात मुलाचं मनगट. गाणं चालू असतं. थोड्या वेळाने भार दुसऱ्या पायावर जातो. मूल हात ओढतं. ‘थांब रे जरा’ असं ऐकू येतं. आणि मग केव्हातरी तो माणूस खांद्यावरची पिशवी उतरवून खाली गवतावर ठेवतो. बस्स. पिशवी खाली आली की समजावं, गायकाने बाजी मारली. टाळ्यांचं काय, शेजारच्याने वाजवल्या म्हणून आपणही वाजवतो. शेजारच्याचं बघून पिशवी कुणी खाली ठेवत नाही.

अशाच एका महोत्सवात मी एक व्हायोलिनवादक ऐकला होता. त्याच्या आधीच्या बँडने मैदान दणाणून सोडलेलं, लोक नाचून घामाघूम झालेले. आणि हा एकटाच येऊन बसला, सावकाश तारा जुळवल्या, आणि गज इतका हलका ठेवला की माइक बंद राहिला की काय असं वाटावं. मनात म्हटलं, आता पाच मिनिटांत मैदान रिकामं होणार. बरेच गेलेही. पण जे राहिले ते हळूहळू पुढे सरकायला लागले. नीट ऐकू येत नव्हतं म्हणून! मागची कड पाच पावलं आत आली, मग आणखी पाच. आवाज वाढवून माणसं गोळा करता येतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. कमी करूनही जवळ आणता येतात हे त्या माणसाला माहीत होतं. नाट्यगृहात त्याने हेच केलं असतं तर लोक खुर्चीत होते तिथेच बसून राहिले असते आणि त्याला कळलंही नसतं.

फ्रान्समध्ये १९८२ साली संगीताचा असा उघड्यावरचा उत्सव थेट सरकारने सुरू केला. तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या एका पाहणीत आढळलं की देशात सुमारे पन्नास लाख लोक कुठलं ना कुठलं वाद्य वाजवतात. मंत्रालयात संगीत आणि नृत्याचा विभाग सांभाळणारे मॉरिस फ्लरे यांना प्रश्न पडला, की इतकी वाद्यं घराघरांत आहेत तर ती ऐकू का येत नाहीत? मंत्री होते जाक लांग. दोघांनी मिळून २१ जूनची संध्याकाळ ठरवली, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि लोकांना सांगितलं की वाद्य घ्या आणि रस्त्यावर या. संगीत सगळीकडे असेल आणि मैफल कुठेच नसेल, अशी फ्लरे यांची कल्पना. आज शंभराहून अधिक देशांत त्या दिवशी गल्लीबोळांत गाणं-वाजवणं होतं, आणि ते मोफतच असतं. त्याही आधी, १९६५ पासून, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसारखा मातब्बर वाद्यवृंद शहरातल्या बागांमध्ये मोफत वाजवायला लागला होता. आपल्याकडे मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासूनचा.

फ्लरे यांच्या कल्पनेतली ‘मैफल कुठेच नसेल’ ही गोष्ट मला फार आवडते. मैफल म्हटली की कुणीतरी आत असतं आणि कुणीतरी बाहेर. मैदानावर मात्र आत आणि बाहेर यांच्यामध्ये ती पुढे-मागे सरकणारी कड सोडली तर काहीच नसतं.

आता आवाजाबद्दल, कारण मोकळ्यावर सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. बंद सभागृहात गायकाच्या मदतीला भिंती असतात. सूर भिंतीवर आपटून परत येतो, थोडा रेंगाळतो, दोन स्वरांमधली फट बुजवतो. मैदानावर सूर गेला तो गेला. वर आभाळ, आजूबाजूला झाडं, आणि परत काही येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलने खाली येते, असा मोकळ्या हवेतला नियम आहे. म्हणून पुढच्यांचे कान किटतात आणि मागचे ‘काय म्हणाला?’ करत राहतात. सभागृहात गोड वाटणारा गळा इथे कोरडा वाटतो, त्यात गळ्याचा दोष नसतो. मुरलेले गायक मैदानावर पहिली पाच मिनिटं नुसता षड्ज लावून अंदाज घेताना दिसतात ते त्यामुळेच. ते लोकांसाठी गात नसतात, हवा चाचपत असतात.

माझ्या भाच्याला मी एकदा मैदानाच्या पार टोकाला नेऊन उभं केलं होतं. म्हटलं, ड्रमवाल्याच्या काठीकडे बघ. काठी खाली आली आणि ठोका ऐकू आला मागाहून. त्याने डोळे चोळले, पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हे मीच काहीतरी केलंय. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या माणसाला ठोका पाव सेकंदाहून थोडा जास्तच उशिरा मिळतो. मोठ्या मैदानात मध्येच उंच खांबांवर आणखी स्पीकर लावलेले असतात. त्यांतून आवाज तारेने लगेच पोहोचतो, आणि रंगमंचावरचा मात्र हवेतून रमतगमत येतो. दोन्ही एकदम सोडले तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून साउंडवाला त्या खांबांवरचा आवाज मुद्दाम मागे धरतो. त्याहून गंमत म्हणजे, तो हिशेबापेक्षा आणखी चिमूटभर उशीर घालतो. जो आवाज आधी कानावर येतो त्या दिशेनेच सगळं येतंय असं आपला मेंदू धरून चालतो, हे हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ मध्ये मांडलं होतं. त्या चिमूटभर उशिरामुळे डोक्यावरच्या स्पीकरमधून ऐकणाऱ्यालाही गाणं लांबच्या गायकाच्या तोंडूनच येतंय असं वाटतं. काळ्या कापडाखाली मिक्सरमागे वाकून बसलेला तो माणूस निम्मा जादूगार असतो. त्याचं नाव निवेदक घेतो ते नेहमी शेवटी, तेही लोक उठायला लागल्यावर.

वाद्यांचं दुखणं निराळं. संध्याकाळी हवेत ओल आली की तबल्याची पुडी सैलावते, तबला उतरतो, आणि तबलजी बिचारा गाण्यातली फट शोधून हातोडीने ठोकत राहतो. चार वाजताच्या कार्यक्रमात ऊन तिरकं थेट मंचावर येतं. तार तापून सैल होते आणि सतार उतरते. बासरीतली हवा तापली की बासरी चढते. म्हणजे ग्रीनरूममध्ये नीट जुळवून आणलेली जोडी उन्हात बसताक्षणी एकमेकांपासून दूर जायला लागते, एक खाली आणि एक वर. माझी आई अशा वेळी हळूच म्हणते, ‘जुळत नाहीये गं.’ कान तिचे अजून पक्के आहेत. पण तीच आई, त्या दोघांनी खेळीमेळीत हसत पुन्हा सूर जुळवून घेतले की सगळ्यांच्या आधी दाद देते. सभागृहात तिने कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

वाऱ्याचाही वाटा असतो. वारा आपल्याकडे वाहत असला तर आवाज खाली वाकून आपल्यापर्यंत येतो. उलटा असला तर वरच्या वर निघून जातो. आणि रात्री जमीन गार पडते, वरची हवा उबदार राहते, तेव्हा आवाज वाकून पार लांबच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत जातो. दिवसभर एकाही माणसाने तक्रार केलेली नसते आणि साडेनऊ वाजता फोन वाजायला लागतात, त्यामागे पुष्कळदा ही हवा असते. आयोजकांनी आवाज वाढवलेला नसतो. अर्थात वाढवणारेही असतातच, त्यांची बाजू मी घेत नाही.

१९५२ साली जॉन केजने ज्या रचनेत वादकाने काहीच वाजवायचं नाही अशी ती प्रसिद्ध रचना पहिल्यांदा सादर करवली, ते सभागृह मागच्या बाजूने जंगलाकडे उघडं होतं. पहिल्या भागात झाडांतला वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस, आणि तिसऱ्यात उठून जाणाऱ्या लोकांचे आवाज. केज स्वतः पुढे हे मजेत सांगत असे. उठून जाणाऱ्यांनाही त्याने कार्यक्रमात धरलं होतं! इतका मोठा मनाचा संगीतकार एरवी मिळणं कठीण.

आता लहान मुलांकडे येते, आणि इथे माझी तक्रार आहे. ‘संपूर्ण कुटुंबासाठी मनोरंजन’ असं फलकावर लिहिलेलं असलं की मला आधी धडकी भरते. कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा एक रंगीबेरंगी तंबू, चेहऱ्यावर वाघ रंगवून घ्यायची लांबच लांब रांग, आणि माइक हातात धरून ‘मुलांनो, आवाज आला नाहीऽऽ!’ असं दर दोन मिनिटांनी ओरडणारा एक दादा. मुलं ओरडतात. तो पुन्हा म्हणतो, अजून मोठ्याने. मुलं आणखी ओरडतात. यात मनोरंजन नक्की कुणाचं होतं हे मला आजवर उमगलेलं नाही. मोठ्यांचं तर नाहीच. ते बाहेर मोबाइल बघत उभे असतात.

मुलांना मुलांच्या तंबूत घालायचं आणि मोठ्यांनी मोठ्यांचं ऐकायचं, ही वाटणीच मला पटत नाही. माझ्या भाचीला एका महोत्सवात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर एका वादकाचं बोट. तो घटम् वाजवत होता, आणि ती सतरंजीच्या पुढच्या टोकाला पोटावर पालथी पडून, हनुवटी तळव्यांवर टेकवून, फक्त त्याच्या उजव्या करंगळीकडे बघत होती. ती करंगळी मडक्याच्या गळ्याशी मध्येच एक बारीक टिचकी मारायची. बाकी नऊ बोटांचं काम तिने बघितलंच नाही. दहा मिनिटांनी ती उठली आणि पळत झाडाकडे गेली, कारण तिथे मुंग्या होत्या. नाट्यगृहात तिला ना पालथं पडता आलं असतं, ना मुंग्यांकडे जाता आलं असतं, आणि मग ती करंगळीही दिसली नसती.

मोठ्यांनी मुलांचं बघावं, हेही तितकंच खरं. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला ९ मे १६६२ रोजी सॅम्युएल पेप्स याने एक इटालियन बाहुल्यांचा खेळ बघितला. त्याने रोजनिशीत तशी नोंद केली, म्हणून इंग्लंडमधल्या पंच या बाकदार नाकाच्या, भांडखोर बाहुल्याचा जन्मदिवस आज त्या तारखेला धरतात. पेप्स हा आरमाराच्या कचेरीतला जबाबदार अधिकारी, एकोणतीस वर्षांचा, घरी मूलबाळ नाही. बाहुल्या बघायला त्याला कुठल्या भाच्याचं निमित्त लागलं नाही. आणि तो खेळ त्याला इतका आवडला की दोन आठवड्यांच्या आत बायकोला घेऊन तो पुन्हा तोच खेळ बघायला गेला.

कानांचं मात्र सांभाळावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे, आणि ती मोठ्या माणसांच्या हिशेबाने. वडिलांच्या खांद्यावर बसलेलं वर्षाचं पोर नेमकं स्पीकरच्या उंचीला येतं, हे मी अनेकदा बघते. कानांवर लावायचे ते जाड गोल पट्टे मिळतात. ते लावलेलं पोर वैमानिकासारखं दिसतं आणि बहुधा गाढ झोपतं.

पैशांचं बोलायला हवं, नाहीतर सगळं फारच गोड होईल. मोफत म्हणजे ऐकणाऱ्याने दिले नाहीत एवढंच. कुणीतरी दिलेले असतातच. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मोठी सरळ गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात यंत्रं आली की तेच काम कमी माणसांत, कमी वेळात होतं. पण चौघांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागायची आणि आजही चौघांनाच लागते, तितकाच वेळ. दुप्पट वेगाने वाजवून उत्पादन वाढत नाही. बाकीच्या जगात पगार वाढत जातात, त्यांच्या जोडीने कलाकाराचा खर्चही वाढतो, आणि कला दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा महाग होत जाते. म्हणजे प्रत्यक्ष गाणं-वाजवणं मोफत ऐकवायचं तर दरवर्षी कुणाला तरी आपला हात आणखी थोडा सैल करावा लागतो. तो हात महापालिकेचा असेल, देणगीदाराचा असेल, जाहिरातदाराचा असेल. जाहिरातींचे फलक मला खुपत नाहीत. खुपतो तो चौथा हात, म्हणजे कलाकाराचाच.

माझी एक मैत्रीण कीबोर्ड वाजवते. एका महोत्सवातून तिला फोन आला. मानधनाचं विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, आपल्याकडे गर्दी एवढी असते, तुमचं केवढं नाव होईल!’ मांडव मांडणाऱ्याला असं कुणी म्हणत नाही, की तुमचा मांडव हजारो लोक बघतील. लाइटवाल्याला म्हणत नाहीत, जनरेटरवाल्याला तर म्हणायची कुणाची छाती नाही. नाव फक्त वाजवणाऱ्याचंच व्हायचं असतं. ती गेली नाही. तिच्या जागी दुसरं कुणीतरी वाजवलंच असणार, आणि मी, मोफत ऐकणारी, तिथे पिशवी खाली ठेवून उभी असणार. हे माझं मलाच नीट सोडवता आलेलं नाही. एवढं मात्र करते, की डबा, टोपी, पेटी, काहीही फिरत आलं की त्यात तिकिटाइतके टाकते आणि भाचरांच्या हातूनही टाकवते.

मोफत ठेवायचं म्हणजे व्यवस्थेतही हात आखडता घ्यायचा, असा काहींचा समज असतो. त्यांनी ६ डिसेंबर १९६९ ची गोष्ट आठवावी. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँटला मोफत संगीत होतं, माणसं आली सुमारे तीन लाख. जागा ऐनवेळी बदललेली, मंच जेमतेम मीटरभर उंच आणि उताराच्या पायथ्याशी, आणि मंचाची राखण सोपवलेली एका मोटारसायकलवाल्या टोळीवर. दिवसाअखेर चार माणसं मेली होती, त्यातला एक तरुण मंचासमोरच भोसकला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला कुंपण वेळेत उभं राहिलं नाही आणि तिकिटांचा महोत्सव आपोआप मोफत झाला, चारेक लाख लोक चिखलात तीन दिवस राहिले, आणि ती कहाणी मात्र जग अजून प्रेमाने सांगतं. दोन्हींमध्ये नशिबाचा भाग किती आणि व्यवस्थेचा किती, यावर वाद घालता येईल. मैदानात शिरताना बाहेर पडायच्या वाटा किती आहेत हे मी बघून ठेवते, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते मुलांना दाखवून ठेवते. आईची तपासणी वेगळी असते. तिला टेकायला पाठ असलेली खुर्ची आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह लागतं. त्या दोन गोष्टी असल्या की महोत्सव उत्तम. मंचावर कोण आहे ते ती मागाहून विचारते.

आणि आता गोलातला माणूस. मोठ्या मंचापासून लांब, झाडाखाली, स्वतःचा स्पीकर घेऊन उभे राहणारे जे हातचलाखीवाले आणि कसरतवाले असतात, त्यांचं काम मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. मंचावरच्याला निदान मंच असतो. याच्याकडे काहीच नसतं. समोर एकही माणूस नसताना त्याला सुरुवात करावी लागते.

आम्ही बघितला तो उंच, वाळका, पट्ट्यापट्ट्यांची विजार घातलेला. त्याने आधी जमिनीवर एक लांब दोर गोल अंथरला. मग वाटेने चाललेल्या एका कुटुंबाला हाक मारली आणि त्यांच्या मुलांना दोरावर आणून बसवलं. पोरं बसली की आईबाप अडकले! मग त्या आठदहा जणांना तो म्हणाला, की मी तीन म्हटल्यावर असे ओरडा जणू काहीतरी भन्नाट घडलंय. ते ओरडले. पलीकडच्या वाटेवरची माणसं वळून बघायला लागली आणि काय झालं म्हणून इकडे आली. अजून काहीही झालेलं नव्हतं. वीस मिनिटांत गोलाला चार पदर आले होते.

मग तो सोंगट्यांच्या आकाराचे लांब दांडे हवेत उडवायला लागला. तीन, मग चार. आणि एक निसटला. गडगडत तो दोराशी बसलेल्या एका छोट्या मुलीच्या पायांपाशी गेला. माणूस ओशाळला, कानाची पाळी धरली, तिला म्हणाला, ‘ताई, देता का?’ सगळे हसले. मुलीने दांडा फेकला, त्याने तो उडत्या तीनमध्ये असा उचलून घेतला की टाळ्यांचा कडकडाट. शेवटी तो बिनआधाराच्या शिडीवर चढला, आणि वर झोकांड्या खात असतानाच टोपीचं भाषण केलं. ते शेवटच्या कसरतीच्या आधीच करावं लागतं. कसरत झाली की गोल अर्ध्या मिनिटात विरघळतो. पंचचे खेळ करणाऱ्यांबरोबर तर पैसे गोळा करायला एक वेगळा माणूसच असायचा.

पुढे आम्ही एका बँडला दोन गाणी दिली, एका नृत्याला पाव तास दिला आणि दोन्ही सोडून निघालो, तेव्हा त्या झाडाखाली त्याचा पुढचा खेळ सुरू होत होता. भाचा म्हणाला, ‘मावशी, पुन्हा बघूया.’ म्हटलं, अरे बघितलाय की. तो म्हणाला, ‘मग काय झालं? पैसे थोडेच लागतात?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आत घुसून दोराशी जाऊन बसला.

तोच दोर, तीच आरोळी, तेच विनोद शब्दन् शब्द तसेच. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. भाचा मात्र पुढे पुढे सरकत होता, डोळे बारीक करून. चार दांडे हवेत गेले, आणि त्याने शेजारच्या अनोळखी मुलाला कोपराने ढोसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘बघ हं, आता एक मुद्दाम पाडणार. त्या छोट्या मुलीकडे.’

गोलात खसखस पिकली. त्या माणसाचे हात चालूच होते. दांडा पडला नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, पडेना. भाच्याचे कान लाल झाले. मग त्या माणसाने चारही दांडे एकेक करून हातात घेतले, चालत दोराशी आला, त्यातला एक भाच्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, आता तुम्हीच टाका.’

तीन दांडे पुन्हा हवेत गेले. भाच्याने उभं राहून, जीभ बाहेर काढून, नेम धरून चौथा फेकला. तो त्या माणसाच्या बोटांना लागून खाली पडला. तो दांडा त्याच्या हातून खरोखरच निसटला, असं भाच्याचं ठाम मत आहे. त्यावरून आमचा अजून वाद चालतो.